पाण्याची पेटी सोडून

थोरल्या भावाच्या खिडकीला ओलं गोणपाट टांगलेलं मी बघितलं, तेव्हा माघ सरत आला होता. उन्हाळ्यात असं गोणपाट कुठंही दिसतं. पण अजून सकाळी स्वेटर लागत होता, म्हणून वहिनीला विचारलं.

"तुमच्या नर्सरीत बघितलं व्हतं, भावजी," ती म्हणाली. "रोपं सुकू नयेत म्हणून तुमी कडंनी ओली पोती लावता. म्हणलं, ह्यांच्या नाकालाबी बरं वाटंल."

त्या गोणपाटाचं खरं कारण मला ठाऊक होतं.

माझी रोपवाटिका निमगाव केतकीच्या रस्त्याला आहे. लोणी भापकर, कऱ्हाटीपासून लोक उसाची, मिरचीची रोपं न्यायला येतात. शेडनेटमध्ये हवेतल्या ओलाव्याचा मीटर टांगलेला असतो. काटा खाली आला की धुक्यासारखं पाणी उडवणारे फॉगर सोडायचे, फार वर गेला की बाजूचे पडदे उचलायचे, नाहीतर बुरशी धरते. इतकी वर्षं हेच करत आलोय. दमट हवेची किंमत आमच्या भागात माझ्याइतकी कुणाला कळत नसेल. त्यामुळे जे केलं ते अजाणता केलं, असं मला म्हणता येत नाही.

वडील गेल्यावर वाटणी झाली. पाटाच्या खालची जमीन दादाकडं गेली, पाटाच्या वरची माझ्याकडं. पाटाचं पाणी वर चढत नाही, हे पंचांनाही माहीत होतं. थोरल्यानं घर सांभाळलं, त्याचा मान राखा, म्हणाले. मी तेव्हाही भांडलो आणि अजूनही चार माणसांत विषय निघाला की भांडतो. त्या माळावर टँकरनं पाणी आणून मी रोपं वाढवली. कुणाचं बोट धरून वर आलो नाही. दादाचा हिरवागार ऊस दिसला की आजही माझं डोकं तापतं.

दिवाळीनंतर दादाला मोटरसायकलवर भरदिवसा डुलकी लागली आणि तो गाडीसकट चारीत गेला. हातापायावर निभावलं. बारामतीच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी केली. झोपेत श्वास सारखा अडकतोय, रोज रात्री मुखवट्यातून नाकात हवा सोडणारं मशीन लावूनच झोपायचं, नाहीतर हृदयावर ताण येईल, असं बजावलं. मुली सासरी. आणि आमच्या घरात बैलजोडीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत कुठलाही सौदा करायला मीच जातो, आमचं आपसात बोलणं असो वा नसो. दादा म्हणाला, तूच जा, तुला कुणी गंडवत न्हाय.

दुकानात मी अर्धा दिवस बसलो. दोनदा चहा झाला, एकदा उठून पायरीपर्यंत आलो. दुकानदार एका आकड्यावर अडला तो अडलाच. मग मशीनशेजारच्या पांढऱ्या पेटीकडं बोट करून मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, ह्यात पाणी भरायचं, नाकात जाणारी हवा ओलसर होते. बऱ्याच जणांना कोरडी हवा सोसत नाही, नाक चिरतं, मग ते मशीनच काढून ठेवतात.

मी शब्द न् शब्द ऐकला. आणि म्हणालो, ही काढा आणि भाव सांगा. आमच्याकडची माणसं कोरड्यातच वाढलीत.

त्या वेळी मनात आलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यानं जन्मभर पाटाचं पाणी घेतलं, आता थोडं कोरडं सोसू दे. क्षणभरच आलं. पण त्याच क्षणी माझा हात पेटीवर होता, आणि मी ती बाजूला सरकवली.

दादानं गावभर सांगितलं की धाकट्यानं दुकानदाराला घाम फोडला. ते मी मिटक्या मारत ऐकलं. पुढं कानावर आलं की तो मशीन लावत नाही. तेव्हा पारावर चार लोकांदेखत त्याला झापलं. एवढं मरमर करून आणून दिलंय, नाकाला लावायला काय होतं? तो हसला आणि लावतो की म्हणाला.

गोणपाटाच्या त्या दिवशी वहिनीनं मला उशीचा अभ्रा दाखवला. धुऊनही त्यावर तांबूस ठिपके राहिले होते. घसा कोरडा पडून दादा सारखा पाण्याला उठायचा, नाकातून रक्त यायचं, आणि मध्यरात्रीच्या आत मुखवटा काढून टाकायचा. मग पुन्हा तेच घोरणं, तेच श्वास अडकणं. "तुमाला सांगू नको म्हणले," वहिनी म्हणाली. "एवढं भांडून आणलंय, त्याला वाईट वाटंल म्हणले."

जीपमध्ये जादाचा मीटर होता. तो आणून दादाच्या खोलीत ठेवला. थोड्या वेळानं काटा जितका खाली येऊन थांबला, तितका शेडनेटमध्ये आला असता तर मी गड्यांना कामावरून काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकान गाठलं. पेटीची किंमत विचारली आणि काढून दिली. दुकानदार गोंधळला. आपणहून थोडं कमी करतो म्हणाला, तर त्याच्यावरच खेकसलो, सांगितलेत तेवढे घ्या. पश्चात्तापसुद्धा मला हळू आवाजात जमत नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर पेटी मशीनला जोडली. बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर ओतायला लागलो, तर दादा कॉटवरून म्हणाला, "ट्रॅक्टरच्या बॅटरीचं पाणी पाजतो का मला?" मेडिकलमधलं आहे, बोअरच्या पाण्यानं आत क्षार धरतात, असं मी सांगितलं. मग त्याच्याकडं पाठ करूनच बोललो.

"दादा, ही पेटी तवाच मिळत व्हती. मी काढायला लावली."

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "बिलावर रेघ मारलेली हाय की."

"मग बोलला का न्हाय तुमी?"

"म्हणलं, पाटाचा राग हाय त्येचा. ह्यातनं निघतोय तर निघू दे."

राग निघालेला नव्हता, आजही नाही. ती वाटणी चुकीचीच होती. पण इतके महिने तो माझा राग नाकानं ओढत होता आणि बाहेर माझंच कौतुक सांगत होता.

त्यानं मुखवटा चढवला आणि कुशीवर वळला. थोड्या वेळानं नळीत गुडगुड वाजायला लागलं. ओलावा जास्त झाला होता आणि गार नळीत त्याचं पाणी धरत होतं. मी बटण दोन घरं खाली आणलं, मशीन कॉटपेक्षा खाली स्टुलावर ठेवलं, नळीला वहिनीची जुनी शाल गुंडाळली. गुडगुड थांबली. दादाचा श्वास एकसारखा चालू झाला, मध्ये कुठंही न अडकता. मी खुर्चीत बसून तेवढंच ऐकत राहिलो.

वहिनी बादली घेऊन गोणपाट भिजवायला आली. आता त्याची गरज नाही, मी हळूच म्हणालो.

"असू द्या, भावजी," ती म्हणाली. "पेटी आजच तर आलीय."

मी उठून तिच्यासाठी बादली धरली.