लेकीचं जावळ

"आज कुणावर, काका?"

कुंपणाच्या भिंतीवर हनुवटी टेकवून ती असे विचारी, तेव्हा माझ्या हाती बहुधा नुकताच लिहून झालेला तक्रार अर्ज असे. मी पाणीपुरवठ्याचे नाव सांगे. "मग आज त्यास्नी जेवान जायाचं न्हाई," म्हणत ती हसत आत जाई. ज्या खात्यांना मी वर्षानुवर्षे लिहीत आलो, त्यांपैकी एकानेही माझ्या पत्रांची एवढी दखल घेतलेली नाही.

कवठे महांकाळला आमच्या दोन घरांत तेवढी एक भिंत. तिचा नवरा फौजेत, सरहद्दीवर. घरात सासरे आणि ही. स्वतःचे दुखणे दुसऱ्याची थट्टा करत सांगणाऱ्या सुना आपणही पाहिल्या असतील, ही त्यांतलीच. पहिलटकरीण, पाचव्या महिन्यात स्तनात गाठ लागली, तेव्हा म्हणाली, "तुमच्या रागागत हाय, काका. दाबली तरी जात न्हाई."

मिरजेच्या एका रुग्णालयात कर्करोगाचे निदान झाले. मी सोबत होतो. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले: किरणोपचार बाळंतपणानंतरच, परंतु पहिले तीन महिने उलटून गेल्यामुळे काही औषधे बाळावर लक्ष ठेवून देता येतील. धोका मुळीच नाही असे नव्हे, पण थांबण्यात आईचा धोका फार मोठा.

"सुरू करा," ती म्हणाली.

खिडकीवरच्या कारकुनाने संमतीचा कागद परत सरकवला. "नवऱ्याची सही पायजे. न्हाईतर सासऱ्याची."

सासरे सही करीनात. ते दुष्ट नव्हते, भ्याले होते. "ते जहर लेकराच्या अंगात जाणार. आदी बाळंत हो, मग काय ती औषधं घे." नवऱ्याला रजा मिळत नव्हती. फोनवर तो एवढेच म्हणे, "आबा म्हणतील तसं."

सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या स्त्रीच्या उपचारास तिची स्वतःची संमती पुरेशी असते. हे मी रुग्णालयाच्या अधीक्षकांना कळवले, पुन्हा कळवले, त्यांच्या वरिष्ठांनाही कळवले. उत्तर आले: प्रकरण विचाराधीन आहे. गाठ मात्र कोणाच्या विचाराची वाट पाहत नव्हती.

अखेर ती स्वतःच अधीक्षकांच्या दारात जाऊन बसली. ते बाहेर आले तशी उठली. "साहेब, पोट माझं, गाठ माझी. सही तेवढी दुसऱ्याची व्हय?"

अधीक्षकांनी माझ्याकडे पाहिले.

"त्यांच्याकडं नगा बघू. ते नुस्ते रागवायला आल्यात."

त्या दिवशी तिची सही चालली. तोवर सातवा महिना लागला होता आणि रोग यकृतात पोहोचला होता.

औषधाने तिचे केस गेले. बाळंतपणाआधी काही आठवडे, दोघींच्या रक्तातल्या पेशी भरून याव्यात म्हणून, औषध थांबवले. मुलगी झाली, अंगाने लहान. डॉक्टरांनी तिचे हृदय, कान, रक्त सारे तपासले. काही उणे निघाले नाही. डोक्यावर तर दाट, काळेभोर जावळ.

"आबा, हिकडं या," तिने सासऱ्यांना हाक मारली. "माझं समदं गेलं. हिचं एक तरी गेलंय का बघा!" त्यांनी त्या जावळावर हात ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवले.

तिचे औषध पुन्हा सुरू झाले, म्हणून लेकीला अंगावर पाजायची मनाई होती. पोर बाटलीने दूध पिई आणि ही तिच्या केसांतून बोटे फिरवत राही. एकदा म्हणाली, "काका, हिचं जावळ लवकर काढू देऊ नगा. मला बघू द्या." ते अडवण्याचा मला काही अधिकार नव्हता. अडवावेही लागले नाही. पोर बसू लागण्याआधीच ती गेली.

गेल्या आठवड्यात म्हसवडला सिद्धनाथाच्या दारी जावळ काढले. परत आल्यावर सासरे नातीला कडेवर घेऊन भिंतीपाशी आले. "परसाद घ्या," एवढेच बोलले. प्रसादासाठी हात पुढे करत मी मान वर केली आणि हात तसाच राहिला. तुळतुळीत डोके आणि त्याखाली ते मोठे डोळे: शेवटच्या महिन्यांत ती हुबेहूब अशी दिसत असे.

ओसरीतल्या टेबलावर अधीक्षकांच्या नावाचा, नवऱ्याच्या सहीच्या अटीविरुद्धचा नवा अर्ज पडला होता. मुलीने भिंतीवर हनुवटी टेकवली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

तिला अजून बोलता येत नाही.