तांदळाचा डबा, कॅन्सस सिटी आणि अर्धा पेला चहा

ईडन प्रेरी ते फ्रिस्को हा रस्ता नकाशावर बघितला की हसू येतं. मिनेसोटात आय-थर्टीफाइव्ह धरायचा आणि टेक्सास येईपर्यंत सोडायचा नाही. सव्वानऊशेच्या आसपास मैल, थांबे धरून सोळा तास. नाकासमोर जा म्हणतात ते हेच. कुणाला हा प्रवास करायचा असेल तर टोल, मोटेल, चहा सगळं सांगते, पण आमची ट्रिप हौसेची नव्हती हे आधीच कबूल करते.

डिसेंबरात माझी नोकरी गेली. वर्क व्हिसावर असलेल्यांना पुढचं माहीत आहे. साठ दिवसांत दुसरी कंपनी शोधा, नाहीतर बॅगा भरा. मला फ्रिस्कोतली नोकरी मिळाली ती अगदी काठावर. सोमवारी सकाळी नऊला जॉइनिंग होतं. एचआरच्या बाईंनी मेलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं होतं की पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद ओरिजिनल हवेत. वकीलबाई म्हणाल्या, "जॉइनिंग पुढे ढकलायचा विचारही करू नका. पुढे ढकलायला तुमच्याकडे दिवस नाहीत." नवरा, नितीन, अपार्टमेंटच्या किल्ल्या घ्यायला आधीच गेला होता. म्हणजे कारमध्ये मी आणि नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई.

शुक्रवारी सामान ट्रकमध्ये चढलं. ड्रायव्हर उलान नावाचा, पस्तिशीचा, किर्गिझस्तानचा. तो देश नेमका कुठे आहे हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. कझाकस्तानच्या खाली, चीनला लागून, सगळा डोंगराळ, हे मागाहून बघितलं. माणूस अबोल होता. कपाट उचलताना एकदाही धापा टाकल्या नाहीत. आई मात्र दिवसभर त्याच्यावर आणि त्याच्या दोन मदतनिसांवर डोळा ठेवून होती.

शनिवारी पहाटे सहाला निघालो. गाडीच्या काचेवर बर्फाचा पातळ पापुद्रा होता. आयोवात शिरल्यावर भुरभुर पाऊस सुरू झाला, तोही पडता पडता गोठणारा. फेब्रुवारीत या रस्त्यानं येणार असाल तर एक दिवस हाताशी जादा ठेवा. ट्रक बाजूनं गेला की काच पांढरी होते आणि दोन सेकंद काहीच दिसत नाही. साडेदहाला डे मॉइनजवळ पेट्रोल भरायला थांबलो. कॉफी घेतली, घरची तिखटमिठाची पुरी काढली.

"आई, पासपोर्टची फाइल पुढे काढून ठेव. मोटेलवाले आयडी मागतात."

आई पुरी चावत म्हणाली, "फाइल डब्यात आहे ना."

"कुठल्या डब्यात?"

"तांदळाच्या. परके लोक घरभर फिरून राहिले होते. म्हटलं, तांदळात हात कोण घालतंय."

नागपूरच्या घरी लग्नकार्य असलं की आई दागिने तांदळातच पुरायची. स्टीलचा तो डबा ती मांडीवर घेऊन बसणार होती, नव्या घरात आधी धान्य जावं म्हणून. पण ती शेजारच्या काकूंना तुळशीची कुंडी द्यायला गेली तेवढ्यात मीच उलानला म्हटलं होतं, हा पण ट्रकमध्ये टाका, कारमध्ये जागा नाही. आईला विचारलं नाही. तिनंही मला सांगितलं नाही. दोघींचे पासपोर्ट आणि माझे सगळे कागद आता पन्नास फुटी ट्रेलरमध्ये, बासमतीच्या खाली.

ट्रकची डिलिव्हरी कधी? कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं, "पाच ते बारा दिवसांत."

उलानला फोन केला. बंद. पुन्हा बंद. मग कंपनीच्या ऑफिसला लावला. फोन उचललेली मुलगी चांगलं इंग्रजी बोलत होती, पण मागे कुठेतरी कुत्री भुंकत होती. ती बिश्केकमध्ये बसली होती, किर्गिझस्तानच्या राजधानीत, आणि तिच्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते. अमेरिकेतले ट्रक तिकडून हाकले जातात हे मला नवीनच होतं. तिनं स्क्रीन बघून सांगितलं, "ट्रक कॅन्सस सिटीत आहे. ड्रायव्हरचे गाडी चालवायचे तास संपलेत. सोमवारी हलेल."

"मला आज त्याला गाठायचंय."

"नंबर बंद आहे, मॅडम."

लोकांचं सामान अडवून ठेवणाऱ्या मूव्हर्सच्या गोष्टी मी रात्र रात्र जागून वाचल्या होत्या. त्या सगळ्या एकदम आठवल्या. मी आवाज चढवला, वकिलाचं नाव घेतलं, मग रडले. मुलगी हळूच म्हणाली, "मला हे सांगायची परवानगी नाही. तो त्याच्या बहिणीकडे आहे. मी तिला विचारते."

वीस मिनिटं पेट्रोल पंपावर काढली. मी आईशी बोलले नाही. ती पुरीचा डबा बंद करत म्हणाली, "ओरड ना, ओरडून घे एकदा." ते मला जास्त लागलं. मग अनोळखी नंबरवरून फोन आला. जाड, थकलेला बाईचा आवाज. "मी आयगुल. उलानची बहीण. या. चहा प्या." आणि पत्ता.

डे मॉइन ते कॅन्सस सिटी एरवी तीन तास. आम्हाला चार लागले. मिसुरीत दोन गाड्या खड्ड्यात उलटलेल्या बघितल्या आणि चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. नितीन दर अर्ध्या तासानं फोन करत होता. शेवटी मी त्याला म्हटलं, "यार, तू फोन करून ट्रक जवळ येत नाहीये." त्यानं फोन थांबवले.

विटांच्या जुन्या अपार्टमेंटच्या दारात चपला-बुटांचा ढीग होता. आत पोचताच कढईतल्या तेलाचा वास आला. हॉलमध्ये जमिनीवर गोधड्यांसारख्या जाड गाद्या, मध्ये लांब चादर, त्यावर तळलेल्या पिठाच्या छोट्या उशा, जर्दाळू, गोल रोट्या. एका बाजूला बायका, डोक्याला रुमाल. दारासमोरच्या मानाच्या जागी दाबलेल्या लोकरीची, पांढऱ्या नमद्याची उंच टोपी घातलेले एक म्हातारे. त्यांच्या शेजारी मान खाली घालून उलान.

आयगुल पन्नाशीची होती. तिनं दारातच सांगितलं, वडील गेले त्याला आज चाळीस दिवस झाले. ते वारले गावी, उलान इथं. आश्रयाचा अर्ज कोर्टात पडून आहे, देश सोडला तर अर्ज संपला. म्हणून चाळिसावा इथंच. तळणीचा वास गेलेल्यापर्यंत पोचतो, अशी त्यांची समजूत. प्रार्थना चालू होती, म्हणून पुरुषांचे फोन बंद.

मी ट्रेलरमध्ये अडकलेल्या कागदांसाठी तडफडत होते आणि हा माणूस बापाच्या मातीला जाऊ शकला नव्हता. मला लाज वाटली. तरीही मी घड्याळ बघितलं, हे खोटं कशाला बोलू. ट्रकचं यार्ड पाचला बंद होतं आणि रविवारी उघडत नाही, हे आयगुलनंच सांगितलं होतं. तीन वाजत आले होते.

"मोठे काका उठेपर्यंत उलानला उठता येणार नाही," ती टोपीवाल्या म्हाताऱ्यांकडे बघत पुटपुटली. "बसा."

आईनं पदर नीट केला आणि हात जोडून क्षणभर डोळे मिटले. आम्ही बौद्ध, आमच्यात तेरावं नसतं, पुण्यानुमोदन असतं, पण गेलेल्या माणसाच्या घरी कसं बसायचं ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

चहा आला. बिनकानाच्या पेल्यात, जेमतेम अर्धा. दोन घोटांत संपला. पुन्हा अर्धा. मला वाटलं, नको असलेले पाहुणे आहोत आपण. नागपुरात कुणी असा अर्धा कप पुढे केला तर पाहुणा घरी जाऊन आठवडाभर सांगेल. शेजारी बसलेल्या आयगुलशी बोलत राहिले, निदान वेळ जावा म्हणून. ती तिकडे शाळेत गणित शिकवायची, इथे नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळ घालते. नवरा मॉस्कोत बांधकामावर. गावातल्या त्यांच्या गल्लीत गेल्या काही वर्षांत पाच दुमजली घरं उठलीत, काही रशियाच्या पैशावर, काही ट्रकच्या. "वरचे मजले रिकामे," ती म्हणाली. "खाली एकेक म्हातारी, एकेक कुत्रा. आमच्यात धाकट्या मुलानं आईबापाजवळ राहायचं असतं, घर त्याचं. उलान धाकटा." मीही घरात धाकटीच.

ती तळण काढायला स्वयंपाकघरात गेली आणि तेवढ्यात मोठ्या काकांचा पेला रिकामा झाला. किटली आईच्या हाताशी होती. ज्या घरात माणूस गेलंय त्या घरच्या बाईनं आपल्याला वाढावं, हे तिला पहिल्यापासून खटकत होतं. तिनं पदर खोचला, उठली आणि काकांचा पेला भरला. अर्धा नाही, काठोकाठ, नागपूरच्या पद्धतीनं. थेंबभर चादरीवर सांडला.

एका बाईनं तोंडावर हात ठेवला. उलाननं पहिल्यांदा मान वर केली. मला काही कळेना, पण काहीतरी भयंकर झालंय एवढं कळलं. आयगुल झारा हातात घेऊन दारात थबकली आणि दबक्या आवाजात मला म्हणाली, "भरलेला पेला म्हणजे, प्या आणि निघा. पाहुण्याला घालवायचं असेल तर भरतात. अर्धा दिला की पुन्हा भरता येतो, म्हणजे थांबा."

ज्या माणसाच्या एका शब्दावर उलानचं उठणं अवलंबून होतं, त्यालाच आईनं घरातून जायला सांगितलं होतं. मी घाईघाईनं इंग्रजीत सांगायला लागले की आमच्याकडे उलटं असतं, अर्धा कप हाच अपमान. आयगुल भाषांतर करत गेली. आई काकांसमोरच बसून राहिली, पेला तिनं मागे घेतला नाही. मला म्हणाली, "काय चुकलं बापा माझं?"

काकांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे. पेला दोन्ही हातांनी उचलून सावकाश सगळा प्यायले. आयगुलनं त्यांचे शब्द सांगितले: "या घरात मला निघ म्हणायची हिंमत कुणी केली नाही. ही आई आहे, हिला घाई असणार. उलान, हिचा डबा काढून दे." त्यांनी ओंजळ पुढे धरली, काही म्हटलं, तोंडावरून हात फिरवला. सगळ्यांनी फिरवला. मीही.

निघताना आयगुलनं रोटी पुढे केली. कितीही घाई असली तरी तुकडा मोडल्याशिवाय जायचं नसतं. चार वाजले होते आणि मी रोटी चावत बूट घालत होते.

यार्डमध्ये पाऊस गोठून तारांवर लटकला होता. उलाननं ट्रेलर उघडला. आमच्या सामानापुढे दुसऱ्या कुणाचा तरी पियानो, सोफा, गाद्या. उलान आणि घरून सोबत आलेले दोन पुरुष, प्रार्थनेच्या चांगल्या कपड्यांत, ते सगळं खाली उतरवू लागले. यार्डचा माणूस येऊन म्हणाला, वीस मिनिटं. मग म्हणाला, दहा. आई बर्फात उभी राहून आपल्या सामानावर चिकटवलेले पिवळे स्टिकर वाचत होती. "तो, तो, मागचा," तिनं दाखवलं.

तिनं झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत हात घातला. तांदूळ ट्रेलरच्या फळीवर सांडले. प्लास्टिकची निळी फाइल वर आली, तशी मी फळीवरच बसले आणि रडले. आई माझ्या पाठीवर हात फिरवत होती, तांदूळ माझ्या कोटावर पडत होते.

उलाननं विचारलं, "बघू?" मी पासपोर्ट त्याच्या हातात दिला. त्यानं हात पँटला पुसले आणि पानं उलटली. मुंबईचे शिक्के त्यानं बोटानं मोजले. "चार वेळा घरी गेलीस."

"सहा वर्षांत चार वेळा."

"माझा इथल्या सरकारकडे जमा आहे," तो म्हणाला. "कुठे आहे ते मला माहीत आहे. फक्त काढता येत नाही." पासपोर्ट त्यानं दोन्ही हातांनी परत दिला आणि पियानो चढवायला गेला. आईनं पैसे पुढे केले, ते त्यानं घेतले नाहीत.

रात्री तिथल्याच एका मोटेलवर राहिलो, नव्वद डॉलर, हीटर चांगला. रविवारचा रस्ता कोरडा होता. कॅन्ससमधल्या टोलला रोख चालत नाही, नंबरप्लेटवरून बिल घरी येतं. ओक्लाहोमात बर्फ संपून लाल माती दिसली तसं आईला हायसं वाटलं. संध्याकाळी सहाला फ्रिस्को. डबा आईच्या मांडीवर होता, तोच पहिल्यांदा घरात गेला. सोमवारी नऊला एचआरच्या बाईंनी पासपोर्ट उघडला आणि विचारलं, "हे तांदूळ आहेत का?"

गुरुवारी उलान सामान घेऊन आला. दोन तासांत सगळं आत. हात धुऊन बसला तेव्हा त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे रात्र होती. रुमाल बांधलेली म्हातारी, मागे कोरा, न रंगवलेला जिना. आमच्या आईला बघून ती काहीतरी म्हणाली. "जेवलास का, विचारते," उलाननं सांगितलं. मग तिनं आणखी काही विचारलं. ते त्यानं सांगितलं नाही. आईनंही विचारलं नाही. हात जोडले फक्त.

या प्रवासाचं काय उरलं, असं मैत्रिणी विचारतात. नोकरी उरली, घर उरलं. फाइल आता कपाटाच्या लॉकरमध्ये आहे. पण पासपोर्ट हातात घेतला की मी शिक्के मोजते, पूर्वी कधी मोजत नव्हते.

त्या गुरुवारी उलानचा फोन पुन्हा वाजला, बिश्केकच्या ऑफिसातली ती मुलगी, पुढचं लोडिंग ह्यूस्टनला. तो उठून उभा राहिला, जॅकेट शोधू लागला. आईनं त्याचा रिकामा कप जवळ ओढला, चहाचं भांडं उचललं आणि मोजून अर्धाच भरला. मग त्याच्यासमोर ठेवला आणि वाट बघत राहिली.

उलान कपाकडे बघत होता. फोन पुन्हा वाजायला लागला. मग तो खाली बसला.