वहिनीनं भरलेली दाढ

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात सुकेळं होतं. आमच्या वसईकडची राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की जो तपकिरी, मधासारखा चिकट ऐवज तयार होतो, ते सुकेळं. आणि मी ते उजव्या बाजूनं चावत होतो. दादाचा आवाज आला, "बाळू, माधवी गेली रे... झोपेतच." खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू आलं नाही. मी घाईघाईनं घास उजवीकडून डावीकडे सरकवला. साठी उलटलेला निवृत्त मास्तर मी, पण वहिनीला कळेल ही भीती ती गेल्याच्या बातमीच्याही आधी मनात पोचली. रडू नंतर आलं, घास गिळल्यावर. याला आता दीड महिना होईल.

वहिनी विरारच्या मनवेलपाड्यातल्या चाळीतली. वडील मुंबईला नोकरीला, घरात दोन खोल्या, आणि त्यातून ही मुलगी दातांची डॉक्टर झाली. दादाशी लग्न करून आमच्या केळीच्या वाडीत आली तेव्हा नानांना, म्हणजे आमच्या वडिलांना, नेमका अभिमान वाटून घ्यावा की लाज, हे ठरत नव्हतं. पाहुण्यांना ओळख करून देताना ते म्हणायचे, "ही आमची सून. लोकांच्या तोंडात हात घालते." वहिनी हसून नमस्कार करायची. तिला दवाखाना मुंबईत नको होता, इथेच हवा होता. नानांनी ओटीलगतची केळी पिकत घालायची खोली दिली, पण एका अटीवर... पुढच्या हंगामाची केळी उतरायला लागेपर्यंत चाललं तर चाललं, नाहीतर खोली परत. आणि खोली परत म्हणजे वहिनी मुंबईच्या एखाद्या दवाखान्यात नोकरीला, मागोमाग दादाही तिकडे, आणि घराचे दोन तुकडे. हे कुणी बोलत नव्हतं, पण जेवताना सगळ्यांच्या डोक्यात तेच असायचं.

पेशंट येत नव्हते असं नाही. यायचे, पण गालावर हात ठेवून एकच मागणी करायचे, काढून टाका. वहिनी प्रत्येकाच्या हातात मुठीचा आरसा द्यायची, दुसरा चिमुकला आरसा तोंडात धरायची, दिवा वळवायची आणि विचारायची, "सांगा, काय दिसलं?" पेशंटनं स्वतःच्या तोंडानं सांगितल्याशिवाय ती पुढे जायची नाही. मग म्हणायची, "हा काढायचा नाही, भरून देते." इथे सगळं फिसकटायचं. दात भरायचा म्हणजे काय, तो काय रस्त्यातला खड्डा आहे? माणसं उठून तडक विरार गाठायची आणि तिकडे कुणाकडून तरी काढून घ्यायची. खोलीत उरायची वहिनी, मुंबईहून आणलेली जुनी खुर्ची, आणि भिंतींतून न जाणारा पिकल्या केळ्यांचा वास.

तेव्हा पहिली दाढ मी दिली. दिली म्हणजे, पकडला गेलो. शाळेत मी विज्ञान शिकवायचो. फळ्यावर दाताची आकृती काढून, वरचं कठीण आवरण, त्याखालचा मऊ थर, मधली नस, असं छडीनं दाखवायचो, आणि तासाला जाण्याआधी शिक्षकांच्या खोलीत स्वतःच्या दाढेत लवंग कोंबायचो. एकदा चहा पिताना मी मान तिरकी केली तेवढ्यावरून वहिनीनं ओळखलं. खुर्चीत बसवलं, आरसा दिला. "काय दिसलं, भाऊजी?" मी म्हणालो, "अंधार." तिनं इंजेक्शन दिलं, कीड कोरून काढली आणि लवंगेच्या वासाचा एक पांढरा लगदा भरला. "हे तात्पुरतं आहे. कीड नसेच्या अगदी जवळ गेली होती. आधी नस शांत होऊ दे, महिन्यानं कायमचं भरीन. तोवर उजवीकडून चिकट काही खायचं नाही. सुकेळं तर नाहीच."

ठणका त्याच संध्याकाळी गेला. दुखणं थांबलं म्हणजे रोग गेला, हा माझा शास्त्रीय निष्कर्ष. महिना उलटला, मी खुर्चीकडे फिरकलो नाही, आणि शिक्षकांच्या खोलीत वहिनीच्या हाताचं कौतुक करत राहिलो. मग राजोडीला चुलतबहिणीचं लग्न निघालं. मांडवात कुणीतरी सुकेळ्यांचं ताट फिरवलं. मी एक उचललं, उजवीकडून चांगला लचका तोडला, आणि काहीतरी खळकन निघालं. बाहेर काढून बघतो तर सुकेळ्याला तो पांढरा लगदा चिकटलेला. शहाण्या माणसानं ते रुमालात गुंडाळलं असतं. मी ते हातात उंच धरून भर पंगतीत म्हणालो, "अरे, वहिनीनं भरलेलं निघालं की." अख्खी पंगत हसली. मीही हसलो. हसता हसता समोर बायकांच्या पंगतीत बसलेल्या वहिनीकडे नजर गेली आणि माझं हसू दाढेच्या त्या भोकात जाऊन बसलं. ती उठली, माझ्या हातातून सुकेळं घेतलं, बघितलं, एवढंच म्हणाली, "महिन्यानं यायला सांगितलं होतं ना, भाऊजी?" पण ते ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. डॉक्टरीणबाईंचं काम सुकेळ्यानं उपटलं, ही बातमी नवरा-नवरीच्या आधी मांडवाबाहेर पडली होती.

घरी आलो. ओटीवर चप्पल काढताना नाना म्हणाले, "केळी उतरायला आलीत, सूनबाई. खोली मोकळी करा."

"करते, नाना," वहिनी म्हणाली. "रविवारी भाऊजींची दाढ भरते आणि सामान हलवते. फक्त तुम्ही समोर बसा. आणि मांडवात जे हसले, त्यांनाही येऊ दे."

त्या रविवारी आमच्या ओटीवर लग्नाहून जास्त गर्दी होती. उजेड हवा म्हणून दादानं खुर्ची बाहेर ओढली, मशीनची वायर खिडकीतून आली, आणि मी सत्यनारायणाच्या कलशासारखा मधोमध. नाना अगदी जवळ, चष्मा पुसून. वहिनीनं मुठीचा आरसा माझ्याऐवजी त्यांच्या हातात दिला. "नाना, केळीचा कंद लावायच्या आधी सडका भाग तुम्ही तासता ना?"

"तासतो. पांढरं लागेस्तोवर."

"आणि न तासता लावला तर?"

"आतून कुजणार."

"दाताचं तेच. वरून बुजवलं आणि कीड आत ठेवली, तर ती आत खात बसते. म्हणून आधी चांगलं लागेस्तोवर तासायचं." मशीन घरघरलं. मी खुर्चीचे हात असे धरले होते की दादा मागाहून म्हणाला, खुर्चीला इंजेक्शन द्यायला हवं होतं. मग तिनं खड्ड्याचा आकार दाखवला. तोंडाशी अरुंद, आत किंचित रुंद, तांब्यासारखा. "म्हणजे भरलेलं आत अडकून बसतं. हे सुकेळ्यानं निघायचं नाही." लोक हसले, पण या वेळचं हसू वेगळं होतं. तळाशी नसेच्या रक्षणाला सिमेंटचा पातळ थर दिला. मग इवल्याशा खलात चांदीची भुकटी आणि पारा घोटला, फडक्यातून पिळला आणि थोडा थोडा दाबून बसवला. शेजारच्या काकी पुढे वाकून म्हणाल्या, "डॉक्टरीनबाय, सोन्याची नाय भरत?" वहिनी मान वर न करता म्हणाली, "भरली असती काकी, पण मग हे तोंड मिटणार नाहीत." शेवटी तिनं मला दात मिटायला लावले, उंच राहिलेला भाग खरवडला, पुन्हा मिटायला लावले. "उद्यापर्यंत या बाजूनं खायचं नाही. पुरतं कडक व्हायला वेळ लागतो." आणि नानांकडे वळून, "काय दिसलं?"

नानांनी आरसा खाली ठेवला. माणसं पांगली, दादा खुर्ची आत ओढायला लागला, तेव्हा म्हणाले, "थांब जरा." स्वतः खुर्चीत बसले. "माधवी, माझी मागची बघतेस? गणपतीपासून ठणकतेय." सूनबाईची माधवी त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा केली. त्या हंगामाची केळी गोठ्याच्या माळ्यावर पिकली. खोली वहिनीचीच राहिली... शेवटपर्यंत.

पुढे तिनं पाचूबंदरच्या कोळीवाड्याला आठवड्यातली एक सकाळ द्यायला सुरुवात केली. एकदा मी सोबत गेलो होतो. मासळीची पाटी बाहेर ठेवून एक बाई आत आली. "बाय, काढून टाक. पानी प्यालं तरी कळ मारते." वहिनी म्हणाली, "काढीन. आधी आरशात बघ, मग तूच सांग काढू का." बाईनं बघितलं. "एवढासाच खड्डा हाय?" "एवढासाच." "मग भर की, बघत काय बसलीस?" जो वाचण्यासारखा नसेल तो दात वहिनी काढायचीही, त्यात तिचा हट्ट नव्हता. पण भरलेल्या प्रत्येकाला बजावायची, भरला म्हणजे सुटलात असं नाही, कडेनं पुन्हा कीड शिरते, झोपताना ब्रश करा, आणि दुखायची वाट न बघता दाखवायला या. आज आमच्या वाडीत आणि त्या बंदरावर माझ्या वयाची जी माणसं स्वतःच्या दातांनी बोंबील खातात, त्यांच्याकडे बघताना माझी छाती उगाचच फुगते. दाढ दिली होती ना मी.

दातांच्या रंगाचं भरण आलं, निळ्या उजेडानं क्षणात कडक होणारं, तेव्हा मी मागे लागलो की माझी चांदी काढून पांढरं भर, फोटोत काळं दिसतं. तिनं आरशात नीट बघून सांगितलं, "कडा धड आहेत, कीड नाही. चालतंय ते उकरायचं नाही, भाऊजी. आणि एवढं तोंड उघडून फोटो कोण काढतं?"

परवा वाडीवर गेलो होतो. दवाखान्याची खोली दादानं कुलूप न लावता तशीच ठेवली आहे. खुर्ची नवी आहे, बरीच वर्षं झाली ती बदलून, पण मुठीचा आरसा तोच, खिळ्याला टांगलेला. मी खुर्चीत बसलो, दिवा लावला, आ केला. आत काळी पडलेली चांदी, कडेला जरा झिजलेली. इतक्या वर्षांत किती सुकेळी तिच्यावरून गेली असतील... जागची हललेली नाही.

दारात दादा उभा होता. दादा अजून रडलेला नाही, दहाव्यालाही नाही. "काय करतोयस?"

"बघतोय."

"काय दिसलं?" तो म्हणाला, आणि आपण काय विचारलं ते त्याचं त्यालाच कळलं.

"भक्कम आहे, दादा."

"आण इकडे." त्यानं माझ्या हातातून आरसा घेतला, खिडकीपाशी गेला आणि उजेडाकडे तोंड करून आ केला. त्याच्याही दाढा तिनंच भरलेल्या. मला त्याची पाठच दिसत होती. त्यानं बराच वेळ तोंड मिटलं नाही.