हात वर दिसेपर्यंत

देयानिरा रियास्कोसचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. बुएनाव्हेंतुरा बंदराच्या गोदीला जहाज लागलं की सहाच्या सुमारास माल सोडवणाऱ्या सगळ्या कचेऱ्या सरकारी संकेतस्थळावर तुटून पडत. दर कंटेनरला एक अर्ज, दर अर्जामागे मजुरी. तिनं संगणकावर मॅक्रो, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, बसवला होता: पान उघड, पाच सेकंद थांब, रकाने भर, पाठव. तो भरत असताना ती बापासाठी केळी कुस्करायची. एर्मोहेनेसनं तीस वर्षं गोदीत काढली होती. तोंडात दात उरले होते दोन, तेही समोरासमोर नाहीत.

एका मंगळवारी तीन जहाजं एकदम लागली. पाच सेकंदांत पान उघडलं नाही. मॅक्रोला त्याचं काय? जी खिडकी उघडी दिसली तिच्यात त्यानं टंकलं. ती मालकाच्या निरोपांची होती. ओस्मानसाहेबांना निरोप गेला: "जुने, वापरलेले, अकरा टन."

लगेच फोन आला. "देयानिरा, हे माझ्याबद्दल आहे?"

"नाही हो साहेब. टायर आहेत."

"शुक्रवारपर्यंत नीट कर. नाहीतर सगळं हातानं भरायचं."

हातानं म्हणजे एक तृतीयांश अर्ज, आणि बापाची कवळी आणखी वर्षभर लांबणीवर.

तिनं पाचाचे तीस सेकंद केले. चूक होईना, पण कामही निम्मंच होऊ लागलं. बाप मागे बसून बघत होता.

"काय करतंय हे?"

"थांबतंय, पापा. तीस सेकंद व्हायचेत."

"पान तर केव्हाच उघडलं. नुसतं उभं राहायची मजुरी मिळते होय तुला? आम्ही क्रेनवर सेकंद मोजत नव्हतो. खाली हूक अडकवणाऱ्याचा हात वर दिसला, की उचलायचं."

मग तिनं मॅक्रोला 'पाठवा' या बटणावर नजर ठेवायला लावलं. बटण आधी उगवलं, रकाने मागून आले. अर्धा अर्ज कोराच गेला.

"तो मुकादम," बाप म्हणाला. "मुकादम सगळ्यांच्या आधी येऊन उभा राहतो. शेवटी कोण येतं ते बघ."

तिनं तेच पान चाळीस वेळा उघडून पाहिलं. दर वेळी सगळ्यात शेवटी यायची ती तळाची हिरवी पट्टी. ती दिसल्याशिवाय हात लावायचा नाही, असं तिनं मॅक्रोला बजावलं.

"आणि ती आलीच नाही तर?"

"एक मिनिट वाट बघेल. मग काम थांबवून शिट्टी वाजवेल."

"मग हा गोदीत टिकला असता."

शुक्रवारी पुन्हा दोन जहाजं होती. मॅक्रो कुठे चार सेकंद थांबला, कुठे अडतीस. शिट्टी दोनदा वाजली. दुपारी एकच्या आत बासष्ट अर्ज गेले. ओस्मानसाहेबांना एकही निरोप गेला नाही.

ऑगस्टमध्ये त्या मजुरीतून कवळी आली. एर्मोहेनेसनं कुस्करलेली केळी बाजूला सारली आणि खेकडा मागितला. नांगी फोडून तो बराच वेळ चावत बसला.

"दुसरा वाढू, पापा?"

तोंड भरलेलं होतं. त्यानं हात वर केला.