बॅटरीवरचा रुपया

अक्कलकोट रस्त्याला सिद्धलिंगचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार पुढ्यात आली की तो आधी तिचा वास घेतो, मग काळी पडलेली तार उकलतो आणि लेकीची वेणी घालावी तशी नवी तार भरतो. पन्नाशी गाठलेल्या या माणसाला एकच नाद, रिमोटवरच्या बग्गीच्या शर्यतींचा. जाड दातेरी चाकांची ती हातभर गाडी माळावरची माती उडवत सुटली की सिद्धलिंग श्वास रोखून उभा राहतो.

महागाच्या मोटारी त्याला परवडत नाहीत, आणि त्याची त्याला लाजही नाही. तो स्वस्तातली मोटार आणतो, उघडतो, आपल्या हातानं भरतो. जाड तारेचे थोडे वेढे दिले की मोटार वाऱ्यासारखी पळते, पण बॅटरी पिऊन टाकते. म्हणून या खेपेला चार ठिकाणी हात आखडून त्याने एक दमदार लिपो, म्हणजे हलकी लिथियमची, बॅटरी घेतली होती. दसऱ्याला सकाळी शर्यत होती. पहिले तिघे कोल्हापूरच्या मोठ्या शर्यतीला जाणार होते. सिद्धलिंगची गाडी आजवर सोलापूरबाहेर धावली नव्हती.

आदल्या दिवशी, खंडेनवमीला, तो त्या बॅटरीला जाड पिन सोल्डरिंगचा डाग देऊन बसवत होता. जुनी पिन कापून झाली होती. लाल आणि काळ्या वायरीची टोकं उघडी होती.

"अवो, पूजा आवरा की आदी," त्याची बायको काशम्मा म्हणाली. "मग बसा त्या पोरखेळाला."

त्याने पक्कड, वाइंडिंगचं मशिन, मोटारी, बग्गी असं सगळं एका पाटावर आणि बॅटरी शेजारच्या पाटावर मांडली. दुकानाचं मेन बटण बंद केलं. दर वर्षी तो तसंच करी. बटण बंद झालं की यंत्रं झोपतात. मग हळदकुंकू, विड्याचं पान, सुपारी आणि रुपया. एकेका हत्याराला नमस्कार करत तो बॅटरीपाशी आला. पान ठेवलं. पानावर रुपया ठेवला. रुपया घसरला आणि त्या दोन उघड्या टोकांवर आडवा पडला.

फट्ट!

निळी ठिणगी उडाली. वायरी लाल झाल्या, बॅटरी पोळीसारखी टम्म फुगली आणि पांढरा धूर ओकत पेटली. सिद्धलिंग दगडासारखा उभा. काशम्मानंच नारळ फोडायची पहार उचलली आणि तो जळता पाट ढकलत ढकलत रस्त्यावर नेला.

"यप्पा! हात भाजला न्हाय न्हवं?"

"बटण बंद हुतं की गं," तो म्हणाला. धुराकडे बघत पुन्हा म्हणाला, "बटण बंद हुतं."

अख्ख्या गल्लीला विजेची भीती शिकवणारा माणूस तो. बॅटरीला बटण नसतं, ती कधी झोपत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असूनही हातानं जुनीच वाट धरली होती.

धूर पाहून शाकीर धावत आला. तो पलीकडे रिक्षाच्या बॅटऱ्या विकतो, आणि माळावर सिद्धलिंगचा पहिला वैरी.

"अण्णा, दुसरा कुनी असता तर पोट धरून हसलो असतो. माझी जादाची बॅटरी घ्या. उद्या हरवायला समोर कुनी तरी पायजे की."

सिद्धलिंगनं हात पुढे केला. नजर रस्त्यावरच्या धुमसत्या पाटाकडे गेली. त्याने तो मागे घेतला.

घरात एक जुनी, कमी जोराची बॅटरी होती. पळणारी मोटार तिला निम्म्या वाटेत कोरडी करणार. मग त्याने मोटार पुन्हा उघडली, जाड तार उकलली, बारीक तारेचे जास्तीचे वेढे दिले. भूक कमी, चाल कमी.

सकाळी माळावर शाकीर ओरडला, "अण्णा, बोअरची मोटार बसवली का काय?"

बग्गी खरंच पाणी उपसल्यासारखी चालली होती. शाकीर पुढे, आणखी दोन गाड्या पुढे. शेवटच्या फेरीत त्यातल्या तिसऱ्या गाडीची बॅटरी संपली आणि तिचा जीव चढावरच गेला. सिद्धलिंगची बग्गी तिच्या बाजूनं, न थांबता, रेघ ओलांडून गेली.

"तिसरा! अण्णा, कोल्हापूर!" शाकीर आपट्याची पानं घेऊन धावला. "सोनं घ्या!" म्हणत तो एक पान बग्गीवर ठेवायला वाकला.

"थांब!"

सिद्धलिंग असा ओरडला की शाकीरचा हात वरच्यावर थांबला.

"अवो, झाडाचं पान हाय," काशम्मा हळूच म्हणाली. "रुपया न्हाय."

त्याने ऐकलं. तरीही गुडघ्यावर बसून त्याने बॅटरीची पिन सोडवली, बॅटरी काढून काशम्माच्या हातात दिली, आणि मगच म्हणाला, "आता ठेव."