ताईच्या गावचं वारं

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वाऱ्याने कूस बदलली, तर ती बातमी लंडनच्या आधी पळसदेवला पोचते, असं मी म्हणालो तर तुम्ही हसाल. खुशाल हसा. मी बारामतीच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, फळ्यावर समदाब रेषा काढण्यात अर्धं आयुष्य खडूच्या धुळीत गेलं, आणि तरीही सांगतो की आमच्या दाजींइतका वारा ओळखणारा माणूस मी पाहिलेला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. शिक्षण सातवी. उजनीच्या पाण्याकाठी चार एकर केळी. पुण्याच्या पलीकडे आयुष्यात एकदाच गेले, लेकीला मुंबईच्या विमानतळावर सोडायला. ती लेक, म्हणजे माझी भाची, नर्स होऊन स्कॉटलंडला गेली आणि समुद्राकाठच्या एका बारक्या गावातल्या दवाखान्यात लागली. त्या गावाचं नाव दाजींच्या जिभेला वळत नाही. लेकीला ते लहानपणापासून ताई म्हणतात, म्हणून ते गावही ताईचं गाव झालं. सहा वर्षं झाली, ताई एकदाच येऊन गेली आहे.

आता केळीवाला पावसाला भीत नाही, तो वाऱ्याला भितो. ताई कॉलेजात होती तेव्हा एका वैशाखात वळवाच्या वाऱ्याने वीस मिनिटांत दाजींची घडांनी लगडलेली बाग आडवी केली. दाजी बांधावर उभे राहून नुसते बघत होते. तेव्हापासून वाऱ्याशी त्यांचं उभं वैर. त्यामुळे तिकडच्या पहिल्याच हिवाळ्यात ताईने फोनवर सहज सांगितलं, "आबा, इथं आज लई वारं हाय, ताशी नव्वद म्हणत्यात," तेव्हा दाजींचा घास हातातच राहिला. नव्वदच्या वाऱ्यात केळीचा खुंट उभा राहत नाही, मग आपली काडीसारखी पोरगी कशी राहील, हा त्यांचा साधा सरळ विचार. महिन्याभरात त्यांनी ताईनेच पाठवलेल्या टॅबवर वाऱ्याचे रंगीत नकाशे बघायला शिकून घेतलं. इंग्रजी येत नव्हतं, पण रंगाला भाषा लागत नाही. निळा म्हणजे निवांत, पिवळा म्हणजे सावध, तांबडा लागला की दाजी आंघोळ करून देवापुढे बसतात.

वाऱ्याचं मापही त्यांचं स्वतःचं आहे. साठ म्हणजे 'पानं फाटणार', ऐंशी म्हणजे 'घडाची झाडं झोपणार', आणि शंभरच्या वर गेलं की 'टेकूसकट'. सकाळी त्यांना विचारावं, "काय दाजी, काय म्हणतंय ताईचं गाव?" तर ते गंभीरपणे सांगतात, "गुरवारी टेकूसकट हाय." एकदा त्यांनी लेकीला शेंगदाण्याची चटणी आणि लाडू पाठवले, त्यात केळी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीचं एक भेंडोळंही घातलं. तिने पुढच्या वादळाआधी आपला कचऱ्याचा डबा त्या पट्टीने कठड्याला बांधला. वादळ गेल्यावर सगळ्या आळीचे डबे समुद्राकडच्या माळावर लोळत होते आणि ताईचा जागेवर होता. आता त्या आळीतले सात डबे पळसदेवच्या पट्टीने बांधलेले असतात, हे दाजी कुणी न विचारताही सांगतात.

तिकडे प्रत्येक वादळाचं रीतसर बारसं होतं. दाजींना ती परकी नावं मान्य नाहीत, ते आपली ठेवतात. नुसता गाजावाजा करून निघून जाणाऱ्या वादळाला त्यांनी गावच्या एका माजी सरपंचाचं नाव दिलं होतं. एकाचं नाव होतं 'पाव्हणं'. मी विचारलं, हे कोण? तर म्हणाले, "तुमीच की. येतो येतो म्हणतंय, आठ दिस झालं, येतच न्हाय." अंदाज सांगणारेही दोन, एक अमेरिकेचा आणि एक युरोपचा, आणि दोघांचं एकमत क्वचितच होतं. मग तुम्ही कुणाचं ऐकता, असं मी एकदा त्यांची परीक्षा घ्यावी म्हणून विचारलं. "युरोपवाल्याचं," दाजी म्हणाले. "ज्याच्या सोताच्या घरावरचं पत्रं उडणार हायती, त्यो खोटं कशाला बोलंल?" तीस वर्षांच्या भूगोलात मला याहून बरं उत्तर सापडलेलं नाही.

या नादाने एकदा मात्र गहजब झाला. दाजी इंदापूरला चहाच्या टपरीवर बसून कुणालातरी सांगत होते, "बुधवारी दुपारी ताशी शंभर. लाल इशारा. घराभाईर पडू नगा म्हणून सरकारनं सांगितलंय." शेजारच्या बाकावर एक तरुण केळीवाला होता. त्याने अर्धा कप तसाच ठेवला, गाडीला किक मारली, गडी गोळा करून सगळी बाग बांधून काढली आणि तयार-बिनतयार घड उतरवून घेतले. त्याचं बघून त्याच्या चुलत भावांनीही तेच केलं. बुधवारी इंदापूर तालुक्यात केळीचं पान हललं नाही. गुरुवारी सकाळी सगळे दाजींच्या दारात. "तात्या, कुठंय वारं?" दाजींनी शांतपणे टॅब पुढे केला. "हे काय, आलं की. एका गोठ्याचं छप्पर आन् चार झाडं गेली." "कुठली?" "ताईच्या गावातली." त्या दिवसापासून अक्काने दाजींना ताकीद दिली आहे की घराबाहेर वाऱ्याचा विषय निघाला, तर आधी 'हितलं न्हाय, तितलं' एवढं म्हणायचं. "मी दोन दिस तापानं फणफणले तर ह्यांना पत्ता न्हाय," अक्का मला म्हणाली, "आन् तितं कुणाचं कवाड वाजलं की हितं ह्यांना जेवाण जात न्हाय."

यंदाच्या जानेवारीत मी चार दिवस पळसदेवला राहायला गेलो, तो नेमका एका मोठ्या वादळाच्या तोंडावर. शुक्रवारी दुपारी ते ताईच्या गावावरून जाणार, असं दोन्ही अंदाजवाले पहिल्यांदाच एका सुरात सांगत होते. दाजींनी त्याला कुणाचंच नाव दिलं नव्हतं, यावरून मी काय ते ओळखलं. एरवी ताईचा फोन रविवारी संध्याकाळच्या आत, पाच मिनिटं. जेवलात का, थंडी आहे का, बरं ठेवते. या आठवड्यात मात्र दिवसातून चारदा घंटी वाजत होती. "आबा, सामानाची बोट कधी बंद हुईल?" "उद्या दुपारपास्नं. दोन दिसाचं जेवाण करून ठिव." दवाखान्यातल्या बायका म्हणे रोज सकाळी विचारत, तुझे वडील काय म्हणतात? वाऱ्याचं बोलणं दोन मिनिटांत संपे. मग ताई विचारी, आईचा गुडघा कसा आहे, विहिरीवरच्या चिंचेला यंदा किती चिंच आली, आज भाजी काय केली, तुमची दाढी वाढलेली दिसतीय ती का. अर्धा-अर्धा तास जाई. इतक्या काळजीत असलेला माणूस इतका आनंदी मी कधी पाहिला नव्हता, आणि तेव्हा माझ्या ते नीट ध्यानातही आलं नाही.

शुक्रवारी सकाळी वादळ नकाशावर खाली, दक्षिणेला सरकलं. ताईच्या गावाला त्याचा नुसता पदर लागून जाणार होता. अक्काने देवापुढे साखर ठेवली. ताईचा एका ओळीचा निरोप आला, 'वाचलो आबा, ड्यूटीवर जाते.' त्यानंतर शुक्रवारी घंटी वाजली नाही, शनिवारीही नाही. शनिवारी दुपारी दाजी बागेत बांधावर बसलेले दिसले, टॅब घरी ठेवून. मी शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "दाजी, लेक वाचली ना? मग तोंड का पाडून बसलाय?"

"वाचली की," ते म्हणाले. शेजारच्या केळीचं एक वाळलेलं पान ओढून काढलं. मग म्हणाले, "पाव्हणं, लेकीवर वादळ यावं असं कुठला बाप म्हणंल का? मी रोज देवाला सांगतो, तिच्याकडं वारं नगं. पर ते खाली सरकलं तवा मला चुकल्यासारकं झालं. आता तिला मला इचाराय काय ऱ्हायलंच न्हाय. सोताच्या थोबाडीत मारावी वाटली." आणि मग, अगदी हळू, "लाल नगंच. पर अधनंमधनं थोडं पिवळं आलं आस्तं तर बरं झालं आस्तं."

माझा मुलगा पुण्यात असतो. तिथे वादळं येत नाहीत. त्या क्षणी दाजींचा मला हेवा वाटला आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटलं, दोन्ही एकदमच.

रविवारी चारच्या सुमारास ताईचा फोन आला. आम्ही पडवीत होतो. दाजींनी फोन मोठ्याने बोलेल असा करून बाजेवर ठेवला, कारण अक्कालाही ऐकायचं असतं. जेवलात का झालं. थंडी आहे का झालं. पाच मिनिटं संपत आली आणि नेहमीप्रमाणे दाजीच म्हणाले, "बरं मग ताई, ठिवू का?"

पलीकडून ताई म्हणाली, "आबा, इथं वारं सुटलंय."

दाजींनी झटकन टॅब उचलला. मीही वाकून पाहिलं. ताईच्या गावावर सगळीकडे फिकट निळा रंग होता. वाऱ्याचा आकडा चार. चारच्या वाऱ्यात केळीचं पान सोडा, उदबत्तीचा धूरही नीट वाकत नाही. मी भाचीला एका शब्दाने काही कळवलं नव्हतं, हे आजही शपथेवर सांगतो. दाजी त्या निळ्या रंगाकडे बघत राहिले, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवून धरणाच्या पाण्याकडे बघू लागलो.

"किती हाय?" दाजींनी विचारलं.

"लई हाय आबा." ती म्हणाली. "खिडक्या वाजाय लागल्यात."

दाजींनी टॅब बाजेवर पालथा घातला आणि फोन दोन्ही हातांत धरला.

"मग भाईर जाऊ नगं," ते म्हणाले. "फोनबी ठिवू नगं. वारं पडंस्तवर बोलत ऱ्हा."

दिवेलागण झाली तरी ते वारं पडलं नव्हतं.