वैशू आईला बघून गेली

आधीच स्पष्ट करतो, मी असल्या गोष्टी मानणारा नाही. अंगात येणं, अंगारे-धुपारे यांवरून घरच्यांशी भांडलेला माणूस आहे मी. वाचून हसलात तरी चालेल. पण हे माझ्याच घरात घडलं...

साल सत्त्याण्णव. आम्ही सानपाड्याला राहायचो. वडील मूळचे पाटणकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडी. घरात आई, मी आणि धाकटी बहीण वैशाली. वैशूला लहानपणापासून अंधार पडला की दिसायचं नाही. पुढे दिवसाही दिसेना. बाराव्या वर्षापर्यंत नुसता उजेड आणि सावल्या उरल्या. विशीत पायांवर सूज आली आणि कळलं, दोन्ही किडन्या गेल्यात. डॉक्टर म्हणाले, आजार एकच, आनुवंशिक – आधी डोळे, मग किडन्या. आई-वडील दोघांकडून नकळत आलेला. आईला ते फार लागलं.

डोळ्यांना इलाज नव्हता, पण किडनी बदलता येणार होती. माझा रक्तगट जुळला नाही, वडिलांना शुगर. आईची जुळली. आदल्या दिवशी वैशू म्हणाली, "आई, तुला काय झालं तर?"

"गप गं. दोन हायत माज्याकडं, दोन्हीचं काय लोणचं घालू?"

दोघी हसत सुटल्या.

हॉस्पिटल नवी मुंबईतलंच. नाव सांगत नाही, त्यांचा काही दोष नव्हता. ऑपरेशन नीट झालं, नवी किडनी काम करायला लागली. आई तिसऱ्या मजल्यावर, वैशू वर आयसीयूत. दुसऱ्या दिवशी मात्र वैशूची लघवी एकदम थांबली. नव्या किडनीच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली होती. तिला तातडीनं पुन्हा थिएटरमध्ये नेलं. वडील रक्त आणायला ब्लड बँकेत गेले. बाहेर मी एकटा.

दुपारी सर्जन आले. टेबलावरच तिचं हृदय बंद पडलं होतं. "खूप प्रयत्न केले..." एवढंच बोलले.

मला पहिला विचार आला तो आईचा. तिची जखम अजून ओली... कुठल्या तोंडानं सांगू? आयसीयूच्या दाराशी काढलेल्या चपला तिथेच राहिल्या, मी तसाच चालत सुटलो. इमारतीच्या मागे सामान नेण्याचा जिना होता, तिकडे कुणी फिरकत नसे. तिथे बसून रडलो.

थोड्या वेळानं आईच्या वॉर्डातली सिस्टर दार ढकलून आली. मला बघून तीच दचकली.

"तुम्ही खरंच इथे? आई बोलावतायत. म्हणाल्या, पोरगा मागच्या जिन्यात अनवाणी बसलाय, त्याला घेऊन या."

"तिला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही हो! मला वाटलं गुंगीत बोलतायत..."

आई पडून होती. अंगाला नळ्या, कूससुद्धा बदलता येत नव्हती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "नगं सांगूस. वैशी येऊन गेली."

मी पलंगाजवळ स्टूल ओढलं.

"चालत आली. कुटं धडपडली न्हाय, भितीला हात लावला न्हाय. हितं हुबी ऱ्हायली, माज्या तोंडाकडं बघत. म्हनली, आई, केस किती पिकलं गं तुजं... मग म्हनली, दादा मागल्या जिन्यात बसलाय, पायात काय न्हाय, त्याला हाक मार. आन् गेली."

वैशूनं आईला शेवटचं नीट पाहिलं, तेव्हा आईचा एकही केस पांढरा नव्हता.

मी पलंगाच्या कडेला डोकं टेकलं. धीर मी द्यायचा, तर तीच माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दुखणं कमी करायच्या औषधांनी भास होतात. केसांचं एक वेळ पटतं – आईच्याच मनातलं असेल. पण जिना? माझे अनवाणी पाय?

आई अजून आहे, एका किडनीवर ठणठणीत. मध्यंतरी मेथी निवडत बसली होती, तेव्हा विचारलं, "तो भास नव्हता ना गं?"

मान वर न करता म्हणाली, "लेकीनं बगितलं मला. तुला पटायलाच पायजे असं कुटं हाय?"

मला आजही एकच गोष्ट सलते. मी अनवाणी बसलोय हे वैशूनं पाहिलं, म्हणजे ती त्या जिन्यात आली असणार... आणि मी तिथे गुडघ्यांत डोकं घालून बसलो होतो.